कोल्हापूर किती सुरक्षित? गुन्ह्यांच्या आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की मला फोन सुरू होतात. कुणाची मुलगी कोल्हापुरात कॉलेजला येणार असते, कुणाची बदली झालेली असते. "ताई, तुम्ही इतकी वर्षं क्राइमच्या बातम्या केल्यात, खरं सांगा, राहण्यासारखं आहे का?" आणि शहरात एखादा खून झाला की हाच प्रश्न इथं जन्मलेली माणसंही विचारतात. रोज सकाळी पोलीस ठाण्यांना फोन लावून "रात्री काय घडलं?" विचारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या अनुभवातून ही उत्तरं लिहिली आहेत.

एका वाक्यात सांगा, कोल्हापूर सुरक्षित आहे का?

बहुतेकांसाठी, बहुतेक वेळा, हो. पण त्या "हो"ला दोन अटी आहेत. इथं माणसाला धोका असतो तो सहसा ओळखीच्याकडून, अंधाऱ्या रस्त्यावरच्या परक्याकडून फार क्वचित. आणि प्रश्न सोळा ते पंचविशीतल्या, कुठल्या तरी "भाऊ"च्या मागं फिरणाऱ्या मुलाचा असेल, तर माझं उत्तर बदलतं.

देशातल्या सुरक्षित शहरांच्या यादीत कोल्हापूर का सापडत नाही?

कारण त्या यादीत आपण मोजलेच जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे बातम्यांतला एनसीआरबी, दरवर्षी देशाचा अहवाल काढतो. त्यातली शहरांची तुलना २०११च्या जनगणनेनुसार २० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या १९ महानगरांपुरती असते. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर. कोल्हापूर शहराची लोकसंख्या त्या जनगणनेत ५,४९,२३६ होती.

त्यामुळं "कोल्हापूर देशात अमुक क्रमांकावर" असा संदेश आला तर त्याचा उगम आधी तपासा. इंटरनेटवर शहरांचे जे सुरक्षा निर्देशांक फिरतात, त्यातले पुष्कळसे लोकांनी बसल्या जागी दिलेल्या मतांवरून काढलेले असतात. पोलिसांच्या नोंदीशी त्यांचा संबंध नसतो.

खुद्द एनसीआरबीची यादीही जपून वाचावी लागते. २०२२ मध्ये लाखामागं ८६.५ दखलपात्र गुन्हे (म्हणजे ज्यांचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात) म्हणून कोलकाता देशातलं सर्वांत सुरक्षित महानगर ठरलं आणि २८०.७ घेऊन पुणे दुसरं. पुणेकर कोलकात्याच्या माणसापेक्षा तिप्पट धोक्यात जगतो, असा याचा अर्थ मी तरी लावणार नाही. दोन शहरांतल्या ठाण्यांमध्ये तक्रार किती सहज कागदावर येते, हा फरकही त्या आकड्यात मिसळलेला असतो.

"गुन्ह्यांचा दर" म्हणजे नेमकं काय?

नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. हिशेब सोपा आहे, पण त्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात.

एक म्हणजे, एका फिर्यादीत चार कलमं लागली तरी मोजताना फक्त सर्वांत गंभीर कलम धरतात. घरात घुसून लूट केली आणि खूनही केला, तर तक्त्यात एक खून दिसतो. लूट दिसत नाही.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या मध्यम शहराला फार लागू पडते. समजा, साडेपाच लाखांच्या शहरात लाखामागं दोन खून असा दर आहे. म्हणजे वर्षाला अकरा. पुढच्या वर्षी एकाच भांडणात दोघं गेले आणि आकडा तेरा झाला, तर मथळा येणार: "खुनांत १८ टक्के वाढ". गणित चुकलेलं नाही, पण शहर तेवढं बदललेलंही नाही. म्हणून लहान शहराचा आकडा बघताना मी निदान पाच वर्षं शेजारी शेजारी मांडते.

महाराष्ट्रात खून खूप होतात म्हणे?

२०२२ मध्ये राज्यात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले. वर उत्तर प्रदेश (३,४९१) आणि बिहार (२,९३०), म्हणजे संख्येत आपण तिसरे. पण बिहारची लोकसंख्या जवळपास आपल्याएवढीच आहे, हे लक्षात घेतलं की चित्र वेगळं दिसतं. देशभरात त्या वर्षी २८,५२२ खून झाले, दर लाखामागं २.१. महाराष्ट्राचा दर या सरासरीच्या खाली होता. मोठ्या राज्याची संख्या मोठी असणारच, तेव्हा संख्या ऐकली की दर किती, हेही विचारायचं.

आकडा वाढला म्हणजे गुन्हेगारी वाढली ना?

वाढली असेलही. पण वाढ कुठून आली हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच प्रश्नावर.

२०२० घ्या. लोक घरात कोंडलेले होते, तरी देशातले नोंदलेले गुन्हे एका वर्षात २८ टक्क्यांनी वाढले. कारण संचारबंदी मोडल्याबद्दल लावलेलं कलम १८८. त्या एका कलमाखाली सहा लाखांवर गुन्हे नोंदले गेले.

अपहरणाचं तसंच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा दाखल झालाच पाहिजे. तेव्हापासून घरातून रागानं निघून गेलेला दहावीचा मुलगा आणि प्रेमप्रकरणातून पळून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, दोघंही तक्त्यात "अपहरण" म्हणून दिसतात. पळवून नेण्याचे खरे, भयंकर प्रकारही त्यातच असतात. तक्ता वाचून कुठलं कोणतं ते कळत नाही.

दारूबंदी आणि जुगाराच्या केसेस पोलीस "भाग ६"मध्ये धरतात. मटक्याचे अड्डे आणि हातभट्ट्यांवर छापे वाढले की हा भाग फुगतो. ती वाढ पोलीस कामाला लागल्याची खूण असू शकते.

आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. हिसकावून नेण्यासाठी तिच्यात कलम ३०४ असं स्वतंत्र कलम आहे. पूर्वी साखळी ओढून नेली की सहसा जबरी चोरी लागायची. म्हणून २०२४च्या आधीची आणि नंतरची जबरी चोरी एकमेकांसमोर ठेवताना थांबून विचार करा.

आता उलटी बाजू. आकडा कमी कसा दिसतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या ओळखीच्या एक काकू पहाटे फिरायला गेल्या होत्या. मागून दोघं मोटारसायकलवर आले, मागच्यानं गळ्यात हात घालून साखळी ओढली. काकू पडल्या, कोपर सोलवटलं. मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेले. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही. समोरच्या हवालदारांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, अगदी नीट बोलले. आणि मग कागद पुढं सरकवून म्हणाले, "काकू, कुठंतरी तुटून पडली असंल. गहाळ म्हणून अर्ज द्या, लगेच दाखला देतो. कोर्टकचेरीच्या फेऱ्या कशाला या वयात?" काकू सही करायला निघाल्याच होत्या. मी त्यांचा पदर जरा बाजूला केला. गळ्याभोवती बोटाएवढा लाल वळ उठला होता, मागच्या बाजूला कातडी सोललेली. मी म्हटलं, "साहेब, गहाळ झालेल्या साखळीनं गळ्याला वळ पडत नाही." ते गप्प झाले. फिर्याद लिहून व्हायला दुपारचे दोन वाजले, पण झाली.

काकूंनी त्या अर्जावर सही केली असती तर त्या महिन्यात शहरात एक जबरी चोरी कमी झाली असती. ती दोन पोरं मात्र तशीच फिरत राहिली असती. त्या दिवसापासून कमी आकडा पाहून मला आपोआप बरं वाटत नाही.

मग कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

सगळ्यात आधी खुनाच्या. माणूस गेला की मृतदेह सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात येतो, शवविच्छेदन होतं, रुग्णालयातून ठाण्याला वर्दी जाते. हे झाकणं फार अवघड. त्याखालोखाल वाहनचोरी, कारण विम्यासाठी एफआयआर लागतोच.

सगळ्यात कमी भरवशाचे आकडे घरातल्या मारहाणीचे, विनयभंगाचे आणि सावकारी जाचाचे. इथं शून्य दिसलं तर मला काळजी वाटते.

कोल्हापुरात खून होतात तरी कशावरून?

देशाचं चित्र आधी बघा. २०२२च्या खुनांमागं सर्वांत मोठं कारण "वाद" हे होतं, ९,९६२ प्रकरणं. त्यानंतर वैयक्तिक वैर, ३,७६१. लुटीसारख्या लाभासाठी १,८८४. म्हणजे मारणारा आणि मरणारा बहुधा एकमेकांना ओळखत होते.

मी केलेल्या बातम्याही याच वळणाच्या. करवीर, पन्हाळा, भुदरगडकडं शेताचा बांध. हातभर जमिनीवरून चुलत भावांत वीस वर्षं धुमसत राहिलेलं एखाद्या दिवशी नांगरट करताना पेटतं. शहरात आणि इचलकरंजीत दारूच्या बैठकीतली शिवीगाळ, उसने पैसे, बायकोवरचा संशय. आणि पोरांत "माझ्याकडं का बघितलंस" एवढंच. बाहेरच्या माणसाला हे कारण खोटं वाटतं, पण मी ते फिर्यादीत असंच लिहिलेलं वाचलं आहे.

खासगी सावकारीचा इथं वेगळा उल्लेख करायलाच हवा. विनापरवाना सावकारी हा २०१४च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तक्रार पोलिसांकडं करता येते, तशीच सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयातही. पठाणी व्याजात अडकलेला माणूस गप्प राहतो, दागिने जातात, गाडी जाते, मग एक दिवस मारहाण होते किंवा तो स्वतःचं काही बरंवाईट करून घेतो. पहिल्या धमकीलाच तक्रार झाली असती तर वाचली असती, अशी माणसं मी पाहिली आहेत.

टोळ्या, कोयते, तडीपारी हे काय आहे?

कोयता आपल्याकडं घरोघरी आहे, उसाचा जिल्हा म्हटल्यावर असणारच. शेतात ते अवजार आहे. वाढदिवसाच्या रीलमध्ये केक कापताना ते दहशतीचं साधन होतं, आणि पोलीस शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल करू शकतात.

तडीपारी म्हणजे हद्दपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५, ५६, ५७ खाली एखाद्याला किंवा टोळीला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. मोठ्या, संघटित टोळ्यांना १९९९चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातला कायदा लागतो. तडीपारीचा उपयोग होतो, पण अर्धवट. कोल्हापुरातून काढलेला माणूस सांगलीत किंवा तासाभरावरच्या निपाणीत राहतो, आणि मोबाइलवर इथली पोरं हलवतो.

माझी खरी काळजी त्या पोरांची आहे. पहिल्या गुन्ह्याच्या वेळी बरीचशी अठराच्या आत असतात. आईबापांनी सांगण्यासारखं एवढंच: मुलाकडं न कमावलेले पैसे दिसले, गाडीच्या डिकीत हत्यार सापडलं, किंवा तो एखाद्या "भाऊ"चे फ्लेक्स लावत फिरू लागला, तर त्याच आठवड्यात बोला. तालमीतल्या वस्तादांना, शाळेतल्या सरांना, ज्याचं तो ऐकतो त्याला मध्ये घ्या. सोळा ते अठरा वयातल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाच्या तपासणीनंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणं चालू शकतो. हे कायद्यात २०१५ पासून आहे, आणि बहुतेक पालकांना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

७ जून २०२३ ला दंगल झाली होती. त्यावरून शहराबद्दल काय समजायचं?

मोबाइलच्या स्टेटसवरून ते सगळं सुरू झालं. बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार आणि अश्रुधूर झाला, इंटरनेट बंद पडलं. शाहू महाराजांच्या गावात हे घडलं याचं दुःख मला आजही आहे.

आकड्यांच्या बाजूनं पाहिलं, तर दंगलीचं मोजमाप फार तोकडं असतं. एका गुन्ह्यात शेकडो आरोपी असू शकतात आणि तक्त्यात तो एकच गुन्हा. ज्याचं दुकान फुटलं तो पुढं कितीतरी महिने शटर अर्धं उघडून बसतो, ते कुठल्याच रकान्यात येत नाही. तसंच १६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ. फिरून परत येताना कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी पानसरे गेले. त्या वर्षीच्या कोष्टकात तो एक खून आहे. शहरातल्या किती माणसांनी त्यानंतर बोलताना आवाज खाली केला, ते कोण मोजणार?

शहरातला गुन्हा आणि जिल्ह्यातला गुन्हा वेगळा मोजतात का?

पुण्या-मुंबईसारखं इथं पोलीस आयुक्तालय नाही. शहर आणि बाराही तालुके एकाच जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली आहेत. शहरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी ही ठाणी. पण उचगाव, पाचगाव, शिरोली ही गावं घरांनी शहराला चिकटलेली असूनही महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. ती शहरात घ्यायची की नाही, हाच हद्दवाढीचा वाद. तिथं घडलेलं बातमीत "कोल्हापुरात" म्हणून येतं आणि मोजताना शेजारच्या ठाण्यात जातं. त्यामुळं दोन बातम्यांतले "कोल्हापूर" एकच आहे, असं धरून चालू नका.

मुलीला शिक्षणासाठी पाठवतोय. काय बघू?

तुमच्या मनात बहुधा अनोळखी माणसाची भीती आहे. बलात्काराच्या नोंदीत दहातल्या नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, हे दरवर्षीचे राष्ट्रीय आकडे सांगतात. म्हणून मुलीला "सातच्या आत घरात" सांगण्याआधी एक गोष्ट सांगा: काहीही झालं तरी ती तुम्हाला सांगू शकते, आणि तुम्ही तिचं कॉलेज बंद करणार नाही. कॉलेज सुटेल या भीतीनं पाठलाग महिनोन्महिने सोसणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

बाकी व्यवहाराचं. हॉस्टेल किंवा खोली बघायला दिवसा जाऊ नका, संध्याकाळी आठला जा. केएमटी या शहर बसच्या थांब्यापासून दारापर्यंत स्वतः चाला. दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का, घरमालकाकडं भाडेकरूंची पोलीस नोंद आहे का, ते बघा. मुलींच्या सुरक्षेसाठी पोलिसांचं निर्भया पथक आहे. ११२ तिच्या फोनमध्ये हवाच, आणि फोटो किंवा पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. दुर्दैवानं काही घडलंच, तर मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत. वकील मिळण्यासाठीही तिथंच जायचं.

या सगळ्यापेक्षा मोठा धोका कुठला?

रस्ता. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसं गेली, खुनांच्या जवळपास सातपट. पुणे-बेंगळुरू महामार्गावर रात्री मोटारसायकलनं जाणाऱ्या मुलाला कोयत्यापेक्षा ट्रकची भीती जास्त असायला हवी.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर?

दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा ललिताकुमारी निकाल तेच सांगतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्याला तक्रार घ्यावी लागते, याला शून्य क्रमांकाचा एफआयआर म्हणतात. कोगनोळीच्या पलीकडं कर्नाटकात काही घडलं आणि तुम्ही कागलला आलात, तरी कागलनं लिहून घ्यायचं. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून "चौकशी करतो" हे उत्तर दर वेळी टाळाटाळ असतं असं नाही, पण चौदाचा पंधरावा दिवस उजाडला की परत जा. सरळ नकार मिळाला, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज.

एक बारीक गोष्ट. साध्या हाताच्या मारहाणीची नोंद अदखलपात्र, म्हणजे "एनसी" होते. घातक हत्यार वापरलं असेल तर ती एनसी होत नाही. तेव्हा काय लागलं, कशानं लागलं, ते जबाबात स्पष्ट सांगा, आणि सही करण्याआधी लिहिलेलं वाचून घ्या.

साक्ष दिली तर ठाण्याच्या चकरा माराव्या लागतात का?

महिला, पंधरा वर्षांखालची मुलं आणि साठ वर्षांवरची माणसं यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं असतं. बाकीच्यांना एक-दोनदा जावं लागतं. पुढं कोर्टात तारखा पडतात, हे खरं आहे.

माझ्या भागात नेमके किती गुन्हे झाले, ते कळेल का?

कळतं. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर एफआयआर पाहता येतात, लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील सोडून. त्याहून बरं म्हणजे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तर तीस दिवसांत. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा. मागताना ठाण्याचं नाव लिहा, गेली पाच वर्षं लिहा आणि खून, खुनाचा प्रयत्न, जबरी चोरी, विनयभंग असं प्रकारवार मागा. आणि सोबत एक रकाना नक्की जोडा: त्याच ठाण्यात दागिने आणि मोबाइल "गहाळ" झाल्याचे किती दाखले दिले.

दोन्ही आकडे आले की शेजारी शेजारी ठेवून बघा.